तिला कोणी विचारले का?



घरातल्या मुलाला मोठे दुखणे आले की आपण डॉक्टरांसमोर कसे बसतो ते आठवून पाहा. मूल मधल्या खुर्चीत असते आणि बोलणे त्याच्या डोक्यावरून चालते. कधीपासून दुखते ते आई सांगते, काय काय करून झाले ते वडील सांगतात. मग डॉक्टर रिपोर्ट बाजूला ठेवून म्हणतात, "हिला जरा बाहेर बसवा." ती बाहेर बाकावर बसते आणि आत तिच्याविषयी सगळे ठरून जाते. आपण याला माया म्हणतो, आणि ती माया असतेच. तरीही एक प्रश्न उरतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचा आजार नेमका कोणाचा? आईबापांचा, डॉक्टरांचा, की जिच्या अंगावर तो उठला तिचा?

सर्दी-खोकल्यात हा प्रश्न कोणाला पडत नाही. आजार लांबणारा, कधी न ऐकलेला आणि चारचौघांत झाकावासा वाटणारा असला, की तो टाळता येत नाही. म्हणून आज पेम्फिगस नावाच्या एका दुर्मीळ त्वचारोगाविषयी लिहायचे ठरवले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ फोड असाच आहे.

हरिहरेश्वरची एक मुलगी डोळ्यांसमोर आणू या. दहावीत शिकणारी, पंधरा वर्षांची. मुलगी कल्पनेतली आहे. तिचा आजार, तपासण्या आणि औषधे मात्र खरी आहेत. तिला मी नाव देत नाही. नावे ठेवायला माणसे पुष्कळ भेटतात.

तिचे आधी तोंड येते. बहुतेक रुग्णांत हा आजार तोंडातूनच सुरू होतो आणि कातडीवर दिसायला त्यानंतर काही आठवडे, कधी काही महिने जातात. तोंड येणे हा काय आजार आहे? घरात कोणी म्हणते, उष्णता झाली. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या येतात. तिखट बंद होते, मग कोकमाचे सारही झोंबू लागते, मग नुसत्या पेजेवर दिवस निघतो. वजन उतरते. पुढे पाठीवर, छातीवर, डोक्यात केसांखाली पातळ, लिबलिबीत फोड येतात. ते चटकन फुटतात आणि खालची लाल, ओली जागा भरून येत नाही. कपडा चिकटतो. रात्री कूस बदलणे नको होते.

आता गाव निदान करू लागते. कोणी म्हणते नागीण, कोणी म्हणते बाहेरचे काहीतरी. आणि एक शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नाही, पण तो सगळ्यांच्या मनात असतो: महारोग. इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. कुष्ठरोगातल्या चट्ट्याची संवेदना गेलेली असते. पेम्फिगसची जखम भयंकर दुखते. कुष्ठरोगाला जंतू कारण असतो. पेम्फिगसला कोणताही जंतू नाही, तो स्पर्शाने, ताटातून, अंथरुणातून कोणालाही लागत नाही. आणि कुष्ठरोगसुद्धा गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, हे आपल्याला माहीत असून आपण विसरतो. मुंबईत वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय कुष्ठरोग्यांसाठी १८९० साली सुरू झाले. पण जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून काढून टाकायला २०१९ साल उजाडावे लागले. ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातही ते कारण तोवर होते. भीती औषधापेक्षा किती हळू बरी होते ते यावरून दिसते. आपल्या या मुलीला कुष्ठरोग नाही, तरी त्या भीतीचा वाटा तिच्याही पदरात पडतो. शाळेत तिच्या बाकावर दुसरी मुलगी बसेनाशी होते.

गावातल्या डॉक्टरांना दोष द्यावा का? मला तसे वाटत नाही. केरळच्या त्रिशूर जिल्ह्यात झालेल्या एका पाहणीत, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, वर्षाला दर दहा लाख लोकांमागे पेम्फिगसचे नवे रुग्ण साडेचारच्या आसपास होते. किनाऱ्यावरच्या एखाद्या डॉक्टरने आयुष्यभर दवाखाना चालवला तरी असा एकही रुग्ण त्याच्यासमोर येणार नाही, असे सहज होऊ शकते. न ओळखणे हा अपराध नाही. औषध लागू पडत नाही हे दिसत असताना तेच पुन्हा लिहून देणे, आणि "मला हे कळत नाही, पुढे दाखवा" हे वाक्य तोंडातून न निघणे, इथे मात्र जबाबदारी सुरू होते. ती आपल्यावरही येते. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर ती जाणकाराला दाखवलीच पाहिजे.

मग श्रीवर्धन होते, तिथून एसटीने माणगाव, आणि शेवटी मुंबईचे मोठे रुग्णालय. तिथे त्वचारोगाचे डॉक्टर फोडाशेजारची चांगली दिसणारी कातडी अंगठ्याने हलकेच रेटून पाहतात, ती सरकते. ही खूण निकोल्स्की नावाच्या रशियन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नोंदवली. (घरी कोणी करून पाहू नये, जखम वाढते.) फोडाच्या तळाचा खरवड काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, एकमेकींपासून सुटलेल्या, गोल झालेल्या पेशी त्यात दिसतात. ही साधी, स्वस्त तपासणी पॅरिसच्या झांक यांच्या नावाने ओळखली जाते. पक्क्या निदानासाठी कातडीचे दोन छोटे तुकडे घेतात. एक फॉर्मालिनमध्ये जातो, दुसरा फॉर्मालिनमध्ये घालायचा नसतो, कारण त्यावर चमकणाऱ्या रंगाची तपासणी करायची असते.

त्या तपासणीत काय दिसते ते आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला पटकन समजेल. हिरव्या प्रकाशात पेशींच्या भोवती सगळीकडे बारीक रेषा चमकतात आणि पूर्ण चित्र मासेमारीच्या जाळ्यासारखे दिसते. डॉक्टरांच्या पुस्तकांतही हीच उपमा आहे. जांभ्याच्या भिंतीत चिऱ्याला चिरा चुन्याने धरलेला असतो, तशा कातडीच्या पेशी काही प्रथिनांनी एकमेकींना धरून असतात. या आजारात शरीराची स्वतःची संरक्षक प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, वाट चुकून या चुन्यावरच तुटून पडतात. चिरे शाबूत राहतात, भिंत सुटते. रुग्णांच्या रक्तात ही प्रतिपिंडे असतात हे १९६४ साली अमेरिकेत ब्यूटनर आणि जॉर्डन यांनी दाखवले. कोणाच्या पापाचा, आहाराचा, नजरेचा किंवा अस्वच्छतेचा इथे काही संबंध नाही. ईयोबाच्या अंगावर फोड उठले तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसून राहिले. तोवर त्यांचे बरे चालले होते. मग त्यांनी कारणे सांगायला सुरुवात केली.

निदान झाले. आता "हिला जरा बाहेर बसवा" हा क्षण येतो.

आईबाप काय म्हणतात ते मी जाणून आहे. कळले तर खचेल. परीक्षा तोंडावर आहे. तिच्या तोंडून बाहेर गेले तर उद्या स्थळे येणार नाहीत. यातली कोणतीच काळजी खोटी नाही, आणि ज्यांच्या घरात असे आजारपण आलेले नाही त्यांनी तिला हसू नये. पण न सांगण्याने काय घडते ते बघू.

पेम्फिगसवर पहिले औषध स्टेरॉइड. १९५० च्या सुमारास कॉर्टिझोन येण्यापूर्वी या आजाराचे बहुतेक रुग्ण काही वर्षांत दगावत असत, तेव्हा या औषधाला नुसतेच वाईट म्हणणे बरोबर नाही. पण त्याची किंमत मोजावी लागते. चेहरा गोल होऊन सुजतो, वजन वाढते, मुरुमे येतात, मांड्यांवर-दंडांवर व्रण पडतात, हाडे ठिसूळ होतात, वाढत्या वयात उंची खुंटू शकते, जंतुसंसर्ग लवकर होतो. पंधरा वर्षांची मुलगी हे सगळे रोज आरशात बघते. गोळी कशासाठी आहे हे तिला कोणी सांगितलेलेच नसेल, तर ती काय करील? फोड कमी दिसले की एक दिवस गोळी उशीखाली ठेवील. आणि बरेच दिवस चाललेले स्टेरॉइड एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे उतरवतच न्यावे लागते. तिच्यापासून लपवलेले नाव तिचा असा घात करू शकते. औषध दोन वर्षे कोण गिळणार आहे, हा हिशेब घरात कोणी मांडत नाही.

दुसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही. दुर्मीळ आजार असला की वॉर्डात विद्यार्थ्यांचा घोळका येतो. त्यांनी शिकायलाच हवे. आज ते शिकले तर उद्या श्रीवर्धनला किंवा म्हसळ्याला बसून एखादा जण हा आजार वेळेवर ओळखील. पण पाठ उघडी करून उभी असलेली मुलगी त्या क्षणी "केस" झालेली असते. फोटो काढतात. "बेटा, हे डॉक्टर बघतील, चालेल ना? नको असेल तर सांग," एवढे विचारायला अर्धा मिनिट लागतो. चांगले डॉक्टर विचारतात, हे नमूद करायला हवे. ज्यांनी विचारले नाही त्यांना आईने थांबवले तर तो उद्धटपणा होत नाही.

आणि आता सगळ्यात जड भाग. १९८४ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. जे. एस. पसरिचा यांनी पेम्फिगससाठी एक उपचार प्रसिद्ध केला. सलग तीन दिवस सलाईनमधून १०० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, दुसऱ्या दिवशी त्याबरोबर ५०० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फमाइड; दर अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा तेच; आणि मधल्या दिवसांत रोज सायक्लोफॉस्फमाइडची ५० मिलिग्रॅमची गोळी. औषधे साधी, सरकारी रुग्णालयाला परवडणारी. भारतभर हा उपचार वापरला गेला आणि त्याने असंख्य माणसे वाचली. आपल्या देशात झालेले हे मोठे काम आहे आणि ते आपल्याला फारसे माहीत नाही, याची खंत वाटते.

पण सायक्लोफॉस्फमाइड बीजकोशांना इजा करू शकते. पाळी थांबू शकते, पुढे मूल होण्याची शक्यता हिरावली जाऊ शकते. मुलांच्या बाबतीतही धोका आहे. म्हणूनच ज्यांना अजून मूल व्हायचे आहे अशा रुग्णांसाठी या उपचारातून ते औषध वगळण्याची किंवा त्याऐवजी अझाथायोप्रिन देण्याची पद्धत पुढे आली. ती वापरायची की नाही हे डॉक्टर ठरवतात, आईबाप मान हलवतात. जिच्या उदराविषयी हे चालले आहे ती बाहेर बाकावर, मोबाईलवर काहीतरी बघत बसलेली आहे.

कोणी म्हणेल, पंधरा वर्षांच्या पोरीला गर्भधारणेचे काय कळते? मी उलट विचारतो, दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रजनन शिकवतो ना आपण तिला? परीक्षेत दोन मार्कांसाठी जे तिला कळले पाहिजे, ते तिच्या स्वतःच्या शरीराबद्दल कळू नये? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एखाद्या संशोधनात बारा ते अठरा वर्षांच्या मुलाला घ्यायचे, तर पालकांच्या सहीबरोबर मुलाची लेखी संमतीही लागते. म्हणजे प्रयोगासाठी तिला विचारायचे आणि उपचारासाठी विचारायचे नाही. हा फरक कायद्याच्या अंगाने समजावून सांगता येईल. मनाला तो पटत नाही.

आता खरी अडचण. विचारले आणि ती "नको" म्हणाली तर? औषधच नको, गावाला परत चला, म्हणाली तर? माझे मत असे, की औषध घ्यायचे की नाही हा प्रश्न तिच्यावर सोडता येत नाही. आजार जीव घेऊ शकतो आणि घाबरलेल्या मुलीच्या एका "नको"वर तिचा जीव टांगणे म्हणजे तिचा आदर नव्हे, आपली सुटका आहे. तेव्हा आईबापांनी ठाम राहावे. पण मग विचारण्यात राहिले काय, असे वाटेल. पुष्कळ राहते. दोन औषधांतले कोणते, हे राहते. सलाईनचे तीन दिवस परीक्षेच्या आधी की नंतर, हे राहते. शाळेत कोणाला सांगायचे आणि कोणी सांगायचे, तपासताना खोलीत आई हवी की नको, गावच्या मावशीला काय सांगायचे, फोटो काढू द्यायचा की नाही, हे सगळे राहते. आणि "नको" का, हे तिला बोलता येते. बहुतेक वेळा त्या "नको"मागे आजार नसतो. सुजलेला चेहरा असतो, नाहीतर वर्गातले कोणी काहीतरी बोललेले असते.

यरिहोच्या रस्त्यावर बार्तिमय ओरडत होता तेव्हा तो आंधळा आहे हे सगळ्या गर्दीला दिसत होते. प्रभूलाही दिसत होतेच. तरी त्याने त्याला जवळ बोलावून, तुझ्यासाठी मी काय करावे अशी तुझी इच्छा आहे, असे विचारले. लोक त्याला गप्प बसवत होते आणि प्रभू त्याला बोलायला लावत होता. संत मार्कने तो प्रश्न मुद्दाम लिहून ठेवला आहे. लहानपणापासून आपण ही कथा ऐकतो, पण त्या प्रश्नाकडे आपले लक्ष जात नाही. आपण सरळ चमत्काराकडे जातो.

दरम्यान वैद्यकही पुढे गेले आहे आणि त्यामुळे हा प्रश्न थोडा सैल झाला आहे. रिटुक्सिमॅब नावाचे औषध मुळात रक्ताच्या एका कर्करोगासाठी आले. २०१७ साली फ्रान्समधल्या नव्वद प्रौढ रुग्णांच्या अभ्यासात, दोन वर्षांनंतर औषधाशिवाय आजारमुक्त असलेल्यांचे प्रमाण रिटुक्सिमॅब आणि थोडे स्टेरॉइड मिळालेल्या गटात ८९ टक्के होते, नुसते स्टेरॉइड मिळालेल्या गटात ३४ टक्के. २०१८ मध्ये अमेरिकेने प्रौढांच्या पेम्फिगससाठी त्याला मान्यता दिली. किशोरवयीन मुलांमध्येही तज्ज्ञ ते वापरतात. आधी क्षयरोग आणि काविळीच्या तपासण्या करतात, नंतर जंतुसंसर्गावर लक्ष ठेवतात. बीजकोशांना सायक्लोफॉस्फमाइडसारखी इजा त्याने होते असे आढळलेले नाही. हैदराबादच्या कंपनीने २००७ पासून त्याची देशी आवृत्ती आणली, तेव्हा किंमत बरीच उतरली, तरी मासे विकून घर चालवणाऱ्या किंवा सुपारीच्या चार झाडांवर जगणाऱ्या कुटुंबाला ती अजून जड आहे. म्हणून रुग्णालयात गेल्यावर सामाजिक कार्यकर्त्याला भेटावे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का हे आरोग्यमित्राला विचारावे, आणि "दुसरे कोणते औषध आहे का? त्याने पुढे मूल होण्यावर काय परिणाम होईल?" हे दोन प्रश्न डॉक्टरांना विचारायला लाजू नये. मुलीसमोर विचारावेत. पैशांची अडचण असेल तर तीही तिला सांगावी. पंधरा वर्षांच्या मुलीला घरची परिस्थिती आपल्याला वाटते त्यापेक्षा नीट माहीत असते.

राहिला लग्नाचा प्रश्न, कारण लपवाछपवीचे मूळ तिथेच आहे. आपल्या ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कॅनन लॉमध्ये कलम १०८४ स्पष्ट सांगते, की वंध्यत्व हा विवाहाला अडथळा नाही. मूल होत नाही म्हणून विवाह अवैध ठरत नाही. पण त्याच कलमात कलम १०९८ कडे बोट दाखवले आहे: संमती मिळवण्यासाठी कपटाने लपवलेली, आणि स्वभावतःच सहजीवन गंभीरपणे बिघडवू शकणारी गोष्ट असेल, तर त्या कपटाने झालेला विवाह अवैध ठरतो. म्हणजे ज्या विवाहासाठी घरच्यांनी गोष्ट झाकली, त्याच विवाहाच्या पायाखालची वाळू ते झाकणे काढून घेऊ शकते. गावभर दवंडी पिटावी असे मी म्हणत नाही. मावशी-काकूंना सगळे कळण्याचा काहीच हक्क नाही. ज्याच्याशी लग्न ठरते आहे त्याला मात्र आहे, आणि ते सांगण्याचे काम तिचेच आहे. ती ते तेव्हाच करू शकेल जेव्हा दहा वर्षांपूर्वी तिला कोणीतरी आजाराचे नाव, औषधाचे नाव आणि त्याचा परिणाम सरळ सांगितलेला असेल.

पेम्फिगस झालेल्या स्त्रियांना मुले होतात. आजार शांत असताना, डॉक्टरांना आधी विचारून आणि औषधे बदलून घेऊन गरोदर राहिले तर बरे असते. कधी कधी आईच्या रक्तातली प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि जन्मतः बाळाच्या अंगावर काही फोड दिसतात. ते काही आठवड्यांत आपोआप जातात आणि पुन्हा येत नाहीत. हे तिला पंचविसाव्या वर्षी बाळंतिणीच्या खोलीत सासूच्या घाबरलेल्या चेहऱ्यावरून कळू नये. पंधराव्या वर्षी, आईशेजारच्या खुर्चीवर बसून, डॉक्टरांच्या तोंडून कळावे.